बडोदा: नव्या गिअरच्या सायकलच्या क्रँकमधून टकटक, दुकानदार म्हणतो वॉरंटीत बसत नाही

गोत्री_रोड

मुलीसाठी गिअरची सायकल घेतली आहे. ती अकरावीत आहे, उंची ५ फूट ३ इंच. चाकं २७.५ इंची, गिअर २१, दोन्ही चाकांना केबलवाले डिस्क ब्रेक, पुढे सस्पेन्शन. गोत्रीहून फत्तेगंजला क्लाससाठी रोजचं जाणं-येणं. सायकलला अजून महिनाही झाला नाही आणि तक्रारी सुरू झाल्यात.

डावं पेडल खाली जाताना दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो आणि पायाला झटका जाणवतो. ब्रेकचे लीव्हर जवळजवळ मुठीला टेकतात, मागचा ब्रेक किंचाळतोही. मागचे गिअर चढवताना चेन अडखळते, मग एकदम उडी मारते.

दुकानदाराचं म्हणणं, “वॉरंटी फक्त फ्रेमला. क्रँक, ब्रेक, गिअर हे सगळं झिजणारं सामान.” क्रँक, म्हणजे पेडल लावलेला दांडा, बदलायचा तर पैसे भरा म्हणतो. पक्कं बिल आहे, पण वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतलेला नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वॉरंटीत नक्की काय येतं? पावसाळा तोंडावर आहे, त्याआधी काय करून घ्यावं? आणि हवा किती भरायची? पेट्रोल पंपावरचा मुलगा विचारतो तेव्हा काय सांगावं कळत नाही.

पाना_ग्रीस

आधी एक करा: क्रँकचं बघून होईपर्यंत सायकल चालवू नका. बाकी सगळ्याला दोन दिवस उशीर झाला तरी चालेल, याला नाही.

अशा सायकलींमध्ये क्रँक चौकोनी टोकाच्या एक्सलवर बसवलेला असतो. एक्सल पोलादी, क्रँकचा दांडा बहुधा अॅल्युमिनियमचा. बोल्ट पुरेसा आवळलेला नसला की दर फेऱ्याला दांडा त्या चौकोनावर जरासा हलतो आणि मऊ अॅल्युमिनियमचं भोक कोपऱ्यांतून खात जातं. भोक एकदा गोलावलं की बोल्ट कितीही आवळा, दोन-चार दिवसांत पुन्हा ढिला होतो. तेव्हा दांडाच बदलावा लागतो. पहिल्या दिवसापासून नीट आवळलेला असता तर तोच दांडा वर्षानुवर्षं टिकला असता.

ढिलं नक्की काय आहे ते घरी ओळखता येतं. सायकल भिंतीला टेकवा. डावा दांडा मुठीत धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. फक्त डावा हलला आणि उजवा स्थिर राहिला, तर डाव्याचा बोल्ट ढिला. दोन्ही दांडे एकदम हलले, तर बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे एक्सल ज्यात फिरतो त्या भागाचा, कप ढिला किंवा आतलं बेअरिंग खराब. दोन्ही दांडे घट्ट आणि फक्त पेडल डुगडुगतंय, तर पेडलचे आटे तपासा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलच्या टोकावर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं, ते जुळतंय का बघा. जबरदस्तीने चुकीच्या बाजूला घुसवलेलं पेडल दांड्याचे आटे कापतं.

बोल्ट दिसण्यासाठी दांड्यावरचं प्लास्टिकचं टोपण काढा. आत ८ मिमीची अॅलन की नाहीतर १४ मिमीचा बॉक्स पाना लागतो. आवळायचं ३५ ते ४० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर वीस सेंटिमीटर लांब दांडीच्या टोकाला साधारण १९-२० किलोचा जोर द्यावा लागतो. टूलकिटमधल्या बोटभर अॅलन कीने एवढा जोर येतच नाही, आणि घाईच्या फिटिंगमध्ये नेमकं हेच राहून जातं.

तुमच्याकडे झटका जाणवण्यापर्यंत आलंय, म्हणजे भोक खाल्लं गेलं असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून बोल्ट स्वतः उघडण्याआधी व्हिडिओ काढा.

कागद_पक्के

वॉरंटीचं सांगतो, कारण दुकानदार इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय.

कंपनीची वॉरंटी असते ती माल किंवा बनावट सदोष निघाल्याबद्दल. फ्रेमला बहुधा जास्त वर्षं, बाकी भागांना कमी मुदत. मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून तुमच्या कार्डावर किंवा पुस्तिकेत छापलं असेल तेच खरं. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, केबल, मुठी, चेन हे झिजणारे भाग म्हणून सहसा वगळलेले असतात. क्रँकचा दांडा या यादीत नसतो. तो झिजायचा तर वर्षं लागतात. पुस्तिकेत ‘झिजणारे भाग’ असा परिच्छेद असतो, तो दुकानदारासमोर ठेवा आणि क्रँक कुठे लिहिलाय ते दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खोक्यातून अर्धवट जोडलेली आलेली सायकल पूर्ण जोडून, आवळून, चालवण्याजोगी करून देणं हे विक्रेत्याचं काम आहे. ते नीट झालं नाही तर ती सेवेतली त्रुटी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींबद्दल दाद मागता येते. म्हणजे कंपनी म्हणाली की हा बनावटीतला दोष नाही, तरी विक्रेता सुटत नाही.

आजच करायचं ते असं. व्हॉट्सअॅपवर दुकानदाराला लेखी तक्रार पाठवा: बिल क्रमांक, तारीख, काय होतंय, आणि दांडा हलतानाचा वीसेक सेकंदांचा व्हिडिओ. त्याच मजकुराचा ईमेल कंपनीच्या ग्राहक सेवेला. फ्रेम नंबरचा फोटो जोडा. तो बहुतेक सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटखाली कोरलेला असतो, सायकल उलटी केली की दिसतो. बिलावर हा नंबर नसेल तर दुकानदाराकडून लिहून, सही-शिक्का करून घ्या. चोरी झाली तर पोलिसांनाही हाच नंबर द्यावा लागतो. कार्डावर शिक्का नाही म्हणून घाबरू नका. खरेदीचा पुरावा म्हणून पक्कं बिल भक्कम आहे, पण शिक्का आत्ता मागून घ्या. काही कंपन्या ऑनलाइन नोंदणीही मागतात आणि तिला मुदत असते, तीही तपासा.

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही बडोद्यात राहता म्हणून तक्रार बडोद्यातच करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. बहुतेक वेळा लेखी तक्रार आणि व्हिडिओ गेला की प्रकरण तिथवर जात नाही.

वॉरंटी कशाने जाते तेही वाचून ठेवा. फ्रेमला वेल्डिंग, इलेक्ट्रिक मोटरचं किट बसवणं, पुन्हा रंगवणं, स्टंट, आणि सुरुवातीच्या मोफत सर्व्हिसिंग न करणं. सर्व्हिसिंग करून घेतलं की कार्डावर तारीख आणि सही घ्याच. तोंडी केलेल्या सर्व्हिसिंगची नोंद कुणाकडेच राहत नाही.

गोत्री_रोड

दोघांचेही आभार. दांडा हलवून पाहिला: फक्त डावाच हलतो, उजवा घट्ट आहे. व्हिडिओ आणि तक्रार पाठवली. ब्रेक आणि गिअरचं घरी काही करता येईल का?

पाना_ग्रीस

म्हणजे डाव्याचा बोल्टच. दुकानात दांडा काढतील तेव्हा भोक डोळ्यांनी बघा. चारही कोपरे धारदार असायला हवेत. एकही गोल दिसला तर ‘आवळून देतो’ मान्य करू नका, नवा दांडा मागा.

ब्रेक. नव्या केबलचं बाहेरचं वेष्टण सुरुवातीला जागेवर दबून बसतं, म्हणून लीव्हर लांब जातो. हा दोष नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगंही नाही. लीव्हर अर्ध्या वाटेवर ब्रेक लागला पाहिजे. केबलवाल्या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (डिस्कला चिमटणाऱ्या भागात) बहुधा बाहेरचाच पॅड हलतो, आतला, म्हणजे आऱ्यांच्या बाजूचा, स्थिर असतो. आधी त्या स्थिर पॅडचा स्क्रू आऱ्यांच्या बाजूने अॅलन कीने थोडा थोडा फिरवून पॅड डिस्कच्या जवळ आणा, मधे जाड कागद जाईल एवढी फट ठेवा. मग बाहेरच्या बाजूसाठी केबल अडकवलेला बोल्ट सैल करून केबल ओढून पुन्हा आवळा. सगळा ढिलेपणा केबल ताणणाऱ्या अॅडजस्टरच्या नळीनेच काढू नका. त्याने कॅलिपरचा हात आधीच अर्धा ओढलेला राहतो आणि गरज पडेल तेव्हा जोर कमी पडतो.

किंचाळण्याची कारणं तीन. कॅलिपर तिरका बसलाय. डिस्कला तेल लागलंय. किंवा पॅड बसवून घेतलेलेच नाहीत. तिरका असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, लीव्हर दाबून धरा, आणि धरलेला असतानाच दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. डिस्क आयसोप्रोपाइल अल्कोहोलने स्वच्छ फडक्याने पुसा. बोटं लावू नका, ब्रेक लावून आल्यावर तर मुळीच नाही, डिस्क चांगलीच तापलेली असते. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर तो बदलायचाच.

पॅड बसवणं म्हणजे मोकळ्या सरळ रस्त्यावर १५-२० किमी वेगाने जाऊन चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत येणं. प्रत्येक ब्रेकवर वीसेक वेळा. त्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि ब्रेकची पकड कितीतरी सुधारते. हे दुकानात कुणी करून देत नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर उजवा लीव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, पण तुमच्या सायकलवर कोणता आहे ते मुलीला उभ्या सायकलवर दाखवून ठेवा. थांबवण्याची मुख्य ताकद पुढच्या ब्रेकची. ओल्या वळणावर मात्र तो जोरात दाबला की चाक घसरतं. वळणाआधी सरळ असतानाच वेग कमी करायचा.

गिअर. चेन मोठ्या चक्रीवर (दातेरी चाकावर) चढायला अडखळतेय, म्हणजे केबल सैल पडलीय. मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) केबल जिथे शिरते तिथली नळी घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा, तपासा, पुन्हा अर्धा. एक-दोन फेऱ्यांत जमलं नाही तर हँगर (डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा तुकडा) वाकलेला आहे का बघा. मागून पाहिलं की डिरेलर चक्रीला समांतर दिसला पाहिजे. हँगर वाकलेला असताना स्क्रू फिरवून गिअर लावले तर एखाद्या दिवशी चेन सर्वांत मोठ्या चक्रीवरून आऱ्यांत जाते आणि चालतं चाक जागच्या जागी अडकतं. सायकल उजव्या अंगावर आडवी ठेवू नका, हँगर तिथूनच वाकतो.

पुढची मोठी आणि मागची मोठी, किंवा पुढची लहान आणि मागची लहान, अशी जोडी लावून चालवू नये. चेन तिरकी ओढली जाते. बडोदा सपाट आहे, रोजच्या वापराला पुढची मधली चक्री आणि मागचे सात पुरतात. सिग्नल दिसला की थांबण्याआधी पेडल मारतानाच हलक्या गिअरवर या.

जुना_हर्क्युलस

हवेचं सोपं आहे, पंपावर ४० सांगा. आणि चेनला महिन्यातून एकदा ग्रीस चोपडा, पावसाळा निघून जातो.

वाघोडियाहून

४० हा आकडा या सायकलला साधारण जुळेल, पण सगळ्या सायकलींना नाही. टायरच्या कडेला किमान आणि कमाल पीएसआय (हवेच्या दाबाचा आकडा) छापलेला असतो, तोच पाहायचा. २७.५ × २.१ टायरवर सहसा ३५ ते ६५ च्या आसपास असतो. मुलीचं वजन पन्नासच्या आत-बाहेर असेल तर मागे ४०, पुढे ३६-३७ पुरे. ७०० × ३५ च्या हायब्रिडला (पातळ टायरच्या सायकलला) तेवढी हवा कमी पडते. खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चेपून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंपाचा दाब मोठा आणि सायकलची ट्यूब लहान, क्षणात जास्त भरली जाते. घरी गेजवाला फ्लोअर पंप ठेवा, आठवड्यातून एकदा तपासा. मे महिन्यात सायकल उन्हात उभी राहणार असेल तर कमाल आकड्यापर्यंत भरूच नका.

चेनला ग्रीसबद्दल मात्र नको म्हणेन. जुन्या चेनकव्हरच्या काळ्या सायकलींना ते चालून जायचं, कारण चेन झाकलेली असायची. उघड्या चेनवर ग्रीस बाहेरच राहतं, धूळ धरतं, आणि ती पेस्ट कड्यांना आणि चक्रीच्या दातांना खाते. वंगण लागतं ते रोलरच्या आत. कोरड्या फडक्याने चेन पुसा, खालच्या बाजूच्या प्रत्येक रोलरवर एकेक थेंब चेन ल्यूब सोडा (शंभराच्या वर कड्या असतात), पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा, आणि बाहेरचं सगळं पुसून टाका. कोरड्या दिवसांत दर १५०-२०० किमीला, पावसात भिजून आली की त्याच संध्याकाळी. फवारा मारू नका, डिस्कवर उडतो.

चेन ताणली गेली का ते पोलादी पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य आला पाहिजे. १/१६ इंच पुढे गेला की चेन बदला. त्यापुढे चालवली तर मागची चक्रीही बदलावी लागते.

पाऊस. अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) भरलं की तिथून सायकल काढू नये. २७.५ च्या चाकाचा हब (मधला भाग) जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटरवर आणि बॉटम ब्रॅकेट त्याच्याही खाली असतो. म्हणजे पाणी नडगीच्या मध्यावर आलं की बेअरिंगमध्ये शिरायला लागलं. शिवाय पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही. विश्वामित्री नदी भरून वाहते तेव्हा काठच्या वस्त्यांत मगरीही येतात, त्या पाण्यात मुळीच नाही.

२०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरासारखं पाणी पार्किंगमध्ये आलं आणि सायकल बुडाली, तर नुसतं वाळवून चालवू नका. सीटपोस्ट बाहेर काढा (आधी उंचीची खूण टेपने करा), सायकल उलटी करून फ्रेममधलं पाणी ओता. बॉटम ब्रॅकेटखाली बारीक भोक असेल तर त्यातला गाळ काढा. हब छर्ऱ्यांचे असतील तर उघडून धुवायचे. पुढे सहसा प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १० छर्रे, मागे १/४ इंचाचे ९. छर्रे स्वस्त असतात, नवेच घाला, हबच्या वाटीत ग्रीस भरा, आणि कोन (एक्सलवरचा निमुळता नट) असा आवळा की चाक मोकळं फिरेल पण डुगडुगणार नाही. पुराच्या पाण्यातला गाळ आत राहिला की गंज आणि घर्षण दोन्ही एकदम सुरू होतं. अशा नुकसानीला वॉरंटी लागू होत नाही. गाड्या धुणाऱ्याकडे प्रेशरच्या पाण्याने सायकल धुणंही टाळा, तेही पाणी बेअरिंगमध्येच जातं. बादली आणि स्पंज पुरतो.

पाना_ग्रीस

यात भर: नव्या चाकाचे आरे पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये थोडे सैल पडतात. मोफत सर्व्हिसिंगला ‘चाक बघून द्या’ असं वेगळं सांगा. चाक फिरवून फ्रेमच्या कडेशी बोट धरलं की लचक दिसते. हँडलचं बेअरिंगही बघा: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलायची आणि दुसरा हात हँडलखालच्या जोडावर ठेवायचा. तिथे खटखट लागली तर हेडसेट आवळायचा.

रावपुरा_ते_अकोटा

पावसाळा संपला की लगेच उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, विचार करा. १४ आणि १५ जानेवारी हे दोन दिवस आहेत, पण रस्त्यावर दोरा डिसेंबरपासून लोंबतो आणि नंतरही कितीतरी दिवस झाडांवर, तारांवर राहतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी तो मिळतो, आणि तो तुटत नाही म्हणूनच गळा कापतो. सायकलवर गळा नेमका त्या उंचीला येतो.

हँडलवर दोन्ही बाजूंना बसून डोक्यावरून कमानीसारखा जाणारा तारेचा किंवा सळईचा गार्ड त्या काळात मिळतो. स्कूटरला लावतात तोच, सायकलच्या हँडलला क्लॅम्प लहान लागतो. तो बसवा. हँडल पूर्ण वळतं का आणि ब्रेकची केबल दबत नाही ना, हे उभ्या उभ्या तपासा. गळ्याभोवती जाड, बंद कॉलरसारखं काही हवं. पातळ ओढणी उपयोगाची नाही, उलट लोंबली तर चाकात जाते. पुलावर दोरा जास्त येतो कारण दोन्ही बाजूंना गच्च्या असतात. तिथे हळू, आणि दोरा दिसला की थांबायचंच.

मागच्या हबमध्ये दोरा गुंडाळला गेला तर ओढून काढू नका, तो बेअरिंगच्या सीलमध्ये आणखी रुततो. चाक काढा, ब्लेडने दोरा एका रेषेत कापा, मग तुकडे चिमट्याने उचला.

गोत्री_रोड

दुकानदाराने सायकल परत मागवली. दांड्याच्या भोकाचे दोन कोपरे गोल झालेले होते, नवा दांडा बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि फ्रेम नंबरही लिहून घेतला. आता हेल्मेट घ्यायचं आहे. घरात स्कूटरचं आयएसआयचं आहे, ते चालेल?

पाना_ग्रीस

नवा दांडा बसवलाय, तर शंभर किलोमीटरनंतर तोच बोल्ट एकदा पुन्हा आवळून घ्या. नवा भाग एक्सलवर किंचित आत सरकून बसतो.

रावपुरा_ते_अकोटा

स्कूटरचं नको. त्यावरचा आयएस ४१५१ हा मोटरच्या दुचाकीसाठीचा मापदंड. जड असतं, हवा खेळत नाही, आपल्या उन्हात पाच मिनिटांत मुलं काढून हँडलला अडकवतात. सायकलच्या हेल्मेटवर आत ईएन १०७८ (युरोपचा मापदंड) किंवा सीपीएससी (अमेरिकेचा) लिहिलेलं बघा.

माप भुवयांच्या जरा वरून, डोक्याभोवती टेपने घ्यायचं. दुकानात मुलीला सोबत न्या. पट्टा न लावता हेल्मेटच्या मागची आवळायची चक्री फिरवून डोकं हलवायला सांगा, हेल्मेट जागेवरून सरकता कामा नये. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’ कानाच्या पाळीखाली आला पाहिजे, हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. केस उंच बांधले तर हेल्मेट पुढे कपाळावर झुकतं, म्हणून क्लासला जाताना बांधते तशीच खाली वेणी घालून माप घ्या. आणि एकदा डोक्यासकट आपटलं की, वरून काही दिसत नसलं तरी, तेच हेल्मेट पुन्हा वापरू नका. आतला फोम एकदाच दबतो.